वजा पाऊण मिली

आमच्याकडे केळीचा घड हिरवा असतानाच कापतात. तो पिवळा झालेला बघायचा तो उत्तरेतल्या व्यापाऱ्यांनी. कापायची वेळ झाली की नाही हे डोळ्यांनी नाही, हाताने कळतं. फणीतल्या केळ्याच्या कडा बोटाला धारदार लागल्या तर अजून थांबायचं, भरून गोल झाल्या तर कोयता लावायचा. वडिलांनी हे मला सातवीतच शिकवलं होतं आणि माझा हात त्यात कधी चुकला नाही. त्यामुळे मला लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे दिसत नाहीत, हे अठरा वर्षांचा होईपर्यंत घरात कुणालाच कळलं नाही. मलासुद्धा नाही.

तशी शंका यायला जागा होती. कपाशीच्या कडेला आई घरापुरती मिरची लावायची. पिकलेल्या मिरच्या तोडून आण म्हटलं की मी अर्ध्या हिरव्या घेऊन यायचो. आई शेजारणीला सांगायची, "मिरच्या तोडाले धाडलं त हिरव्याच घेऊन आला. याचं ध्यानच नसते कामात." ध्यान नसणारा मुलगा अशी माझी ख्याती झाली आणि मीही ती मान्य करून टाकली. शाळेत चित्रकलेच्या सरांनी एकदा तपकिरी झाडांबद्दल कान पिळला, तेव्हाही मी मनात म्हटलं, ध्यान नव्हतं.

बारावीनंतर मी धुळ्याला बी.एस्सी.ला गेलो. जळगावच्या यादीत माझं नाव लागलं नाही, धुळ्याच्या लागलं, एवढंच त्यामागचं कारण. जामनेरहून सकाळची बस धरली की जळगाव, एरंडोल, पारोळा करत दुपारी धुळं. अंतर फार नाही, पण भाषा बदलते. तिथली मुलं आपसात अहिराणी बोलायची. माझं बोलणं पूर्वेकडचं, त्यांना गमतीचं वाटायचं. मी "कायले" म्हटलं की मागून कुणीतरी तसंच हेल काढून "कायले" म्हणायचं. त्यात वाईट हेतू नव्हता, हे आता कळतं. तेव्हा मी बोलणं कमी केलं.

रसायनशास्त्र मला मनापासून आवडत होतं, हे इथे सांगायला हवं. नाहीतर पुढच्या लपवाछपवीला काही अर्थच राहत नाही. समीकरणाच्या डावीकडे जेवढं असेल तेवढंच उजवीकडे निघालं पाहिजे, आणि निघतंच, याचं मला अकरावीपासून फार समाधान वाटायचं. गावात असा हिशेब कुठल्याच गोष्टीचा लागत नाही. औषधांच्या कंपनीत, पांढरा कोट घालून, काचेच्या भांड्यांमध्ये काम करायचं, एवढं एकच मला आयुष्यात हवं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण हवं होतं.

बारावीपर्यंत प्रात्यक्षिकं आम्ही वहीतच केली होती. वरच्या वर्गातल्या मुलाची वही आणायची, उतरवायची, सही घ्यायची. त्यामुळे खरं टायट्रेशन मी धुळ्यालाच पहिल्यांदा केलं. ज्यांनी ते कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली चंचुपात्रात आम्ल असतं, त्यात दर्शकाचे दोन-तीन थेंब टाकायचे. वर उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, अल्कली असतं. ते थेंब थेंब सोडत राहायचं आणि पात्र हलवत राहायचं. एका थेंबाला खालचं पाणी फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथे तोटी बंद. किती मिली गेलं ते लिहायचं. सगळी विद्या त्या एका थेंबाशी थांबण्यात आहे.

माझ्या शेजारची मुलं थांबली. मी सोडत राहिलो. मॅडम आल्या आणि माझं पात्र उचलून म्हणाल्या, "अरे, सरबत करायचंय का? हात आवर जरा." सगळे हसले. मी पात्राकडे पाहिलं. मला ते मघासारखंच दिसत होतं, फार तर थोडं मळकट.

त्या संध्याकाळी खोलीवर मी मोबाईलवर शोधलं. ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळात लपलेले आकडे ओळखायची ती चाचणी मिळाली. पहिला आकडा बारा, तो दिसला. तो सगळ्यांनाच दिसतो असं खाली लिहिलं होतं. पुढच्यांत मला नुसते ठिपके दिसत राहिले. मी मोबाईलचा उजेड वाढवला, कमी केला, खिडकीशी जाऊन पाहिलं. मग वाचत गेलो. याला औषध नाही. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळेत घेताना डोळे तपासतात. एवढं वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग नेमका कुणावर काढावा तेच कळेना.

मी ठरवलं की कुणाला सांगायचं नाही. कळलं तर मला रसायनशास्त्रातून काढून गणिताला किंवा आणखी कशाला तरी बसवतील, अशी माझी खात्री होती. कुणाला विचारून करून घेतलेली नव्हे, माझी मीच करून घेतलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आजोबा म्हणायचे. मी मूठ झाकली.

पहिलं वर्ष जोडीदारामुळे निभावलं. प्रात्यक्षिकाला हजेरीच्या क्रमाने दोघादोघांची जोडी असायची. माझा जोडीदार धुळ्यातलाच, भारी बडबड्या. मी तोटी धरायचो, तो पात्र हलवायचा आणि "थांब, आलं" म्हणायचा. मी थांबायचो. पण एका रविवारी त्याने मला मैदानावर क्रिकेट खेळायला नेलं. चेंडू माझ्या बाजूला आला, गवतात गेला, आणि माझ्या पायापासून दोन हातांवर असलेला तो लाल चेंडू मला सापडेना. तिकडे ते धावा काढत होते आणि सगळे ओरडत होते. जोडीदार धावत आला, त्याने तो उचलला आणि म्हणाला, "आंधळा शे का रे भो?" त्याच्या मनात काहीही नव्हतं. तो विसरलाही असेल. मी मात्र पुन्हा त्या मैदानावर गेलो नाही, आणि कॉलेजबाहेरच्या टपरीवर त्यांच्याबरोबर चहाला उभा राहणंही सोडलं. न जाणो, कुणी म्हणेल, तो लाल शर्टवाला बघ.

दुसऱ्या वर्षी तो कॉम्प्युटरच्या शाखेला गेला. वर्गात मुलं विषम झाली आणि क्रमाने मी एकटा उरलो. मॅडमनी विचारलं, कुणात तिसरा म्हणून जातोस का. मी नको म्हणालो. मला एकट्याला टेबल मिळालं, आणि मला खरोखर वाटलं की बरं झालं.

मग मी माझी पद्धत बसवली. मला गुलाबी दिसायचं नाही, पण फारच गडद झालं की पाणी काळसर वाटायचं. तिथे मी थांबायचो. शेजारच्या टेबलावर "आठ पॉइंट चार, आठ पॉइंट चार" असं चाललेलं असायचं, कारण सगळ्यांना द्रावण एकच असे. माझं यायचं नऊ पॉइंट एक, नऊ पॉइंट दोन. असं महिनाभर जुळवून पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी साधारण पाऊण मिली पुढे जातो. तेव्हापासून मी जे येईल त्यातून पाऊण मिली वजा करून वहीत लिहू लागलो. वहीच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक "वजा ०.७५" असं लिहून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांची किंमत मी अशी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली होती, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. साक्रीकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे नाना म्हणत. द्रावणं बनवून बाटल्या भरणं, त्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून आकडे लिहिणं, फुटलेल्या काचांवरून मुलांना झापणं, हे त्यांचं काम. सिल्व्हर नायट्रेटने त्यांच्या बोटांवर कायमचे काळे डाग पडले होते. पहिल्या वर्षी एकदा तास संपल्यावर मी उगाच रेंगाळलो होतो, खोलीवर जाऊन करायचं काय म्हणून. नानांनी हाक मारली, "त्या लाल झाकणन्या बठ्ठ्या बाटल्या लई ये रे भाऊ." लाल झाकणाच्या बाटल्यांत आम्ल असे, हिरव्या झाकणाच्यांत अल्कली. मी लाल झाकणाच्या सगळ्या समजून ट्रेमध्ये बाटल्या भरून नेल्या. नानांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ध्यान नव्हतं." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी लाई देसू." आणि एकेक बाटली उचलून आपापल्या फळीवर ठेवू लागले. मी सुटलो असं समजून बाहेर पडलो.

दुसऱ्या वर्षी मी एकटा पडलो आणि नानांना अचानक माझ्या बाजूची टेबलं पुसायचा सोस सुटला. माझं टायट्रेशन सुरू झालं की हा माणूस फडकं घेऊन शेजारी हजर. पुसता पुसता टेबलावर बोटाच्या पेराने टक्क करून वाजवायचा. कधी खाकरायचा. कधी जाता जाता म्हणायचा, "जास्ती गये." माझ्या डोक्यात तिडीक जायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. मला वाटायचं, याला कळलंय आणि हा माझी मजा बघतोय, आता मॅडमना सांगेल, मग बाहेरच्या परीक्षकांना सांगेल. एक दिवस त्यांनी टेबल वाजवलं तसा मी पात्र खाली ठेवलं आणि म्हणालो, "नाना, तुम्हाला दुसरं काम नाही का?" ते फडकं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगून खिडकीजवळचं अगदी कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं. नाना मग तिकडे आले नाहीत.

त्या कोपऱ्यात मी दीड वर्ष काढलं. खिडकीतून पांझरेवरचा पूल दिसायचा आणि त्यावरून जाणाऱ्या एसटी. दुपारच्या सुट्टीत मी तिथेच डबा खायचो. मेसच्या डब्यात पोळ्या आणि शेवभाजी, आठवड्यातून चार दिवस शेवभाजीच. रविवारी तर शनिवारच्या रात्रीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघायचा नाही. सोमवारी हजेरीला "येस सर" म्हणताना आवाज घोगरा यायचा. आईचा फोन आला की ती विचारायची, "मित्र हायेत ना रे चांगले?" मी म्हणायचो, आहेत. एकदा तिने विचारलं, कोण कोण आहेत. मला एकही नाव पटकन सुचेना, म्हणून मी म्हणालो की तास आहे, ठेवतो. ती संध्याकाळची साडेसात वाजताची वेळ होती. तिनेही पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आली. माझी सगळी भीती तिच्यात साठलेली होती. आधीच्या दोन वर्षांसारखं नाही, या परीक्षेत प्रत्येकाला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण असतं, त्यामुळे शेजारच्याचे आकडे ऐकून उपयोग नाही. शिवाय माझी पाऊण मिली तरी कुठे पक्की होती? कधी अर्धा निघायची, कधी एक. इथे चुकलो की टक्के गेले, टक्के गेले की एम.एस्सी. गेलं, आणि मग पांढरा कोट गेला. आदल्या आठवड्यात मी नीट जेवलोही नाही.

चिठ्ठी उचलली. व्हिनेगरमधल्या आम्लाचं प्रमाण काढा. म्हणजे टायट्रेशनच. मी कोपऱ्यातल्या टेबलावर गेलो. एप्रिलचा उकाडा, आणि बर्नर विझतात म्हणून पंखे बंद. टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं होतं: ब्युरेट, पिपेट, आकडा घातलेली व्हिनेगरची बाटली, दर्शकाची ड्रॉपरची बाटली. आमच्यात रीत अशी की उत्तरपत्रिकेवरचं ठरलेलं आधीच लिहून टाकायचं, म्हणजे वेळ वाचतो. मी लिहिलं: दर्शक फिनॉल्फथॅलिन, रंगबदल रंगहीन ते गुलाबी. घामाने कागद मनगटाला चिकटत होता.

दर्शकाचे थेंब टाकले. अल्कली सोडायला लागलो. डोळे फाडून बघत होतो, नेहमीसारखं. आणि एका थेंबाला पात्रातलं पाणी निळं झालं.

निळा मला दिसतो. आभाळ दिसतं, एसटीतले जुने निळे पडदे दिसायचे, तसाच हा दिसला, स्पष्ट, एका थेंबाला. माझी पहिली समजूत अशी झाली की मी काहीतरी सांडलंय, भांडं घाण आहे. भांडं धुतलं, पुन्हा केलं. आठ पॉइंट सहाला पुन्हा निळं. तिसऱ्यांदा केलं. आठ पॉइंट सहा. एका थेंबाचाही फरक नाही. तीन वर्षांत माझे तीन आकडे असे आपोआप कधी जुळले नव्हते. मी हातातलं पात्र खाली ठेवायचं विसरून तसाच उभा राहिलो. इतर मुलांना रोज हे असं दिसत होतं तर! किती सोपं होतं त्यांचं.

मग मी दर्शकाची बाटली हातात घेतली. पांढरी चिकटपट्टी, त्यावर नानांचं अक्षर: थायमॉलथॅलिन. अल्कलीत निळा होणारा दर्शक. पुस्तकात एका कोष्टकात तो होता, मी वाचलेलाही होता. शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे फिनॉल्फथॅलिन होतं. त्याच्या पलीकडेही तेच. मागे वळून पाहिलं तर नाना दाराशी परीक्षकांच्या चहाचा ट्रे घेऊन उभे होते आणि माझ्याकडे अजिबात बघत नव्हते.

आता माझ्या कागदावर "गुलाबी" होतं आणि पात्रात निळं. पात्र बेसिनमध्ये ओतून दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. आकडे बरोबर होते, मार्क मिळाले असते आणि मूठ झाकलेली राहिली असती. मी पात्र बेसिनपर्यंत नेलंही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा जे दिसलं होतं, ते ओतून टाकून त्याच्या जागी न दिसलेलं लिहायचं, हे माझ्याच्याने होईना. परत आलो, "गुलाबी" खोडलं, "निळा" लिहिलं, आणि वर दर्शकाचं नावही बदललं.

परीक्षक आले. बाहेरगावचे, चष्मा कपाळावर चढवलेले. कागद पाहून म्हणाले, "सगळ्यांनी फिनॉल्फथॅलिन वापरलंय. तुमचंच का वेगळं?"

मी म्हणालो, "सर, मला लाल-हिरवा दिसत नाही. गुलाबी कळत नाही. हा कळतो."

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं ते एका अनोळखी माणसासमोर, आणि त्याने फक्त मान हलवली. "हं. असतात काही जण. याचा पीएच पल्ला सांगा." मी सांगितला. "इथे चालतो का? का चालतो?" तेही सांगितलं. त्यांनी सही केली आणि पुढच्या टेबलावर गेले. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं माणसांतून उठलो होतो, ती दोन मिनिटांत आटोपली होती.

परीक्षा संपल्यावर मुलं खाली व्हरांड्यात फोटो काढत होती. शेवटचा दिवस होता. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलवावं तरी का, मी कुणाचा कोण होतो? मी वर प्रयोगशाळेत गेलो. नाना बेसिनवर ब्युरेट धूत होते.

"नाना, ती बाटली तुम्ही ठेवली."

"माले काय माहीत? कपाटमा व्हती, ठेई दिधी."

"तुम्हाला ठाऊक होतं माझं?"

त्यांनी ब्युरेट उलटी करून स्टँडला लावली, दुसरी घेतली. "पह्यला वरीसपासून. त्या झाकणन्या बाटल्या लयना व्हता ना तू, तवपासून."

माझा आवाज चढला. उपकार करणाऱ्यावर माणूस चिडतो तो कसा, हे मी त्या दिवशी अनुभवलं. "मग सांगितलं का नाही? तीन वर्षं! पहिल्याच वर्षी सांगितलं असतं, असा दुसरा दर्शक असतो म्हणून…"

नाना फडक्याला हात पुसत माझ्याकडे वळले. त्यांना राग आलेला नव्हता.

"तू कोनासंगे बोलस तरी का, भाऊ? मी टेबल वाजाडं, तू टेबल बदली लिधं. मंग तुले सांगू कव्हय?"

खालून फोटोवाल्यांचा गलका येत होता. नानांनी पुढची ब्युरेट नळाखाली धरली. मी खाली गेलो नाही, तिथेच उभा राहिलो.